काडतुसाची हमी कोण देतो?

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार झालेले रायफलचे काडतूस उलटे धरले, तर पितळी बुडावर ‘केएफ’ अशी दोन इंग्रजी अक्षरे ठसवलेली दिसतात. हा कारखाना १८६९ सालचा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. ही दोन अक्षरे असतील तर त्या काडतुसाने नळीत किती दाब निर्माण होईल याची जबाबदारी एका संस्थेने घेतलेली असते. मालाची खेप बाहेर पडण्याआधी तिच्यातली काही काडतुसे उडवून पाहिलेली असतात आणि दाब, वेग मोजून नोंदवलेला असतो. अमेरिका, कॅनडा, फिनलंड अशा देशांत मात्र हजारो नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. टेक्सास किंवा पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या आपल्या नात्यातल्या कुणालाही तिथला कायदा हे करू देतो. जुहूतल्या सदनिकेत बसलेल्या तरुणालाही मोबाइलवर ते सगळे पाहायला मिळते, आणि ते काम इतके शांत, नीटनेटके दिसते की करून पाहावेसे वाटावे. मला इथे एकच गोष्ट मांडायची आहे. काडतूस हाताने भरणारा माणूस दाबाची हमी स्वतःच्या नावावर घेतो, आणि तो दाब त्याला दिसतही नाही, मोजताही येत नाही. त्यामुळे नवशिक्याची सुरक्षितता हाताच्या कसबावर फारशी अवलंबून नसते. दुसऱ्या कुणीतरी प्रयोगशाळेत केलेल्या मोजमापाशी तो किती इमान राखतो, यावर ती ठरते. जिथे त्या मोजमापाची, खात्रीच्या मालाची आणि कायद्याची साखळी नाही, तिथे हे काम घरात सुरू करू नये.

रायफलच्या काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, टोपीतला संवेदनशील मसाला पेटतो, ठिणगी बारीक छिद्रातून आत जाऊन दारू पेटवते आणि तयार झालेला वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. दारू जळून जाते, गोळी निघून जाते, टोपी निकामी होते. उरते ती पुंगळी, आणि चौघांत सर्वांत महाग तीच असते. पुनर्भरणाचे सारे अर्थशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. पुंगळी तपासायची, साफ करायची, उडताना फुगलेली असते म्हणून साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, जुनी टोपी काढायची, लांबी वाढली असेल तर छाटायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि ठरलेल्या खोलीपर्यंत गोळी बसवायची. यातली एकही कृती अवघड नाही. अडचण अशी की यातल्या जवळजवळ प्रत्येक कृतीने दाब बदलतो.

हा दाब किती असतो? जगभर शिकारीला आणि स्पर्धेला वापरल्या जाणाऱ्या .३०८ विंचेस्टर या काडतुसाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३०-३५ पौंड हवा भरतो. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींहून अधिक असा हा दाब नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर, सेकंदाच्या हजाराव्या भागात उसळून पुन्हा ओसरतो. तो निर्माण करणारी दारू काही ग्रॅमच असते. तिचे माप ग्रेनमध्ये करतात. ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅमचा, आणि सोनाराची एक गुंज जेमतेम दोन ग्रेनची. भरणाऱ्याचा तराजू ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा लागतो आणि माहीत असलेल्या वजनावर तो दर वेळी पडताळावा लागतो. एवढी काटेकोर मापे लागण्याचे कारण दारूच्या स्वभावात आहे. तिचे कण पृष्ठभागावरून जळत जातात, आणि भोवतीचा दाब जितका जास्त तितके ते अधिक वेगाने जळतात. हा नियम पॉल व्हिएय या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. १८८४ मध्ये रायफलसाठी पहिली यशस्वी धूरविरहित दारू त्यानेच तयार केली. जळण्याने दाब वाढतो, वाढलेल्या दाबाने जळणे वाढते. म्हणून दारू दहा टक्क्यांनी वाढवली तर दाब दहाच टक्क्यांनी वाढेल हा हिशेब इथे चालत नाही. मर्यादेजवळ तर थोड्याशा वाढीनेही तो उसळी मारू शकतो.

काळी दारू आणि धूरविरहित दारू यांत किती अंतर आहे, हे मुंबईकरांना पोलिसांच्या खांद्यावर पाहून परिचित असलेल्या थ्री-नॉट-थ्रीच्या इतिहासातून चांगले कळते. १८८० च्या दशकाअखेरीस हे काडतूस ब्रिटिश सैन्यात आले तेव्हा त्यात सुमारे ७० ग्रेन काळी दारू दाबून भरलेली असे. काही वर्षांतच तिच्या जागी कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली. तेव्हा जेमतेम ३० ग्रेन पुरले आणि गोळीचा वेगही वाढला. निम्म्याहून कमी वजनात जास्त काम झाले. आता कोकणातली ठासणीची बंदूक पाहा. सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावर ती आजही अनेक घरांत आहे, आणि खरे तर महाराष्ट्रातली हाताने भरण्याची जुनी परंपरा तीच. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर बोळा आणि छर्रे, मग गजाने ठासायचे, कानावर केप चढवायची. तिथे दारू मापट्याने, आकारमानाने मोजतात, आणि काळ्या दारूला ते बरेचसे चालते. तीच सवय घेऊन कुणी आधुनिक रायफलच्या काडतुसाकडे वळला, किंवा उलट धूरविरहित दारू ठासणीच्या नळीत ओतली, तर नळी फुटणार. जुना अनुभव असलेल्या माणसाला हा धोका नवख्याहून मोठा असतो, कारण त्याच्या हाताला अंदाजाची खात्री वाटत असते.

यावर अनुभवी लोक म्हणतील की जास्त दाबाच्या खुणा पुंगळीवर दिसतात. टोपी चपटी होते, बोल्ट उघडायला जड जातो, बुडावर चकचकीत डाग उमटतो. हे खरे आहे, पण या खुणांवर विसंबणे बरे नाही. मऊ टोपी सुरक्षित दाबालाही चपटी होते आणि कठीण टोपी मर्यादा ओलांडली तरी गोलच राहते. बोल्ट अडकू लागतो तेव्हा मर्यादा बहुधा केव्हाच मागे पडलेली असते. दाब खरोखर मोजायचा तर प्रयोगशाळेतली खास नळी आणि तिच्यात बसवलेला दाबमापक लागतो. पूर्वी तांब्याची छोटी नळकांडी किती चेपली यावरून दाब ठरवत, आता पीझो-विद्युत स्फटिकाने मोजतात. या दोन पद्धतींचे आकडेही जुळत नाहीत. .३०८ ची जी मर्यादा नव्या पद्धतीने ६२,००० आहे, तीच तांब्याच्या एककात ५२,००० होती. जुन्या पुस्तकातला आकडा नव्या पुस्तकाशी ताडून ‘अजून बराच वाव आहे’ असा निष्कर्ष काढणारा नवशिका कुठे पोहोचेल, ते उघड आहे. या मर्यादा ठरवायला अमेरिकेत १९२६ मध्ये उत्पादकांची संस्था उभी राहिली, युरोपात त्याआधी १९१४ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. दारू बनवणाऱ्या कंपन्या आपली माहितीपुस्तके प्रसिद्ध करतात ती या मर्यादा धरून. घरी भरणारा माणूस या सगळ्या साखळीच्या शेवटच्या टोकाला असतो.

म्हणून कायदा मुभा देतो त्या देशात सुरुवात करणाऱ्याने पाळायच्या गोष्टी मुळात मोजमापावरच्या निष्ठेच्या आहेत. दारूच्या उत्पादकाचे चालू आवृत्तीचे पुस्तक घ्यावे आणि त्यातली पुंगळी, टोपी, दारू, गोळी जशीच्या तशी वापरावी. गोळीचे वजन तेवढेच पण बनावट वेगळी असली, तरी ती वेगळी गोळी समजावी. सुरुवात कमाल आकड्यापासून कधीच करू नये, छापलेल्या सुरुवातीच्या आकड्यापासून करावी. तो बहुधा कमाल आकड्याच्या सुमारे दहा टक्के खाली असतो. त्याहूनही खाली जाऊ नये, कारण काही सावकाश जळणाऱ्या दारू फार कमी भरल्या तर त्यांचे जळणे बेभरवशाचे होते, आणि दुबळ्या भरण्याने गोळी नळीतच अडकली व नेमबाजाने तिच्यामागे दुसरी उडवली, तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज नेहमीपेक्षा हलका आला की थांबून नळी रिकामी करून आरपार पाहायची, हे त्यामुळेच. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा, तोही मूळ डबाच. दिसायला सारख्या दोन दारूंपैकी एक पिस्तुलाची झटकन जळणारी आणि दुसरी रायफलची असू शकते, आणि बिनचिठ्ठीच्या बरणीतली दारू ओळखायची कुठलीही खात्रीची खूण नाही. पुंगळी बरीचशी भरून येईल अशी दारू निवडली, तर चुकून दुप्पट पडली की ती बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. मला ही सगळ्यांत शहाणी खबरदारी वाटते, कारण ती माणसाच्या लक्षावर अवलंबून नाही. तरीही गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या फळीत उभ्या करून दिव्याच्या उजेडात आतली पातळी एकेक पाहायचीच. गोळी ठरल्यापेक्षा खोल गेली तर आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. टोपी पुरती आत न बसता वर राहिली, तर काही रायफलींत बोल्ट मिटतानाच काडतूस उडू शकते. डोळ्यांवर चष्मा, जवळपास आग नाही, काम झाल्यावर शिशाचे हात धुणे, आणि मध्ये कुणी बोलायला आले तर हातातली पुंगळी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हे तर झालेच.

पुंगळीवर थोडे थांबायला हवे, कारण तिची कथा याच देशातली आहे. ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असे हे पितळ. पत्र्याची चकती ओढत ओढत तिची नळी करतात, तेव्हा धातूत ताण साठून राहतो. ब्रिटिश सैन्याच्या हिंदुस्थानातल्या छावण्यांत पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवली जात, आणि ऋतू संपल्यावर कित्येक पुंगळ्या कुणी हातही न लावता तडकलेल्या निघत. ऋतूशी जोडलेला दोष म्हणून त्याला ऋतूवरूनच नाव पडले. कारण नीट उलगडले ते १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांच्या कामातून. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळेत साठलेला ताण एकत्र आले की धातू कणांच्या सीमांवर फाटतो. पुंगळीला योग्य उष्णता देऊन ताण घालवणे हा उपाय ठरला. आजही अमोनिया असलेल्या द्रावणाने पितळ उजळू नये असे सांगतात ते याच कारणाने. शिवाय प्रत्येक भरण्यागणिक पुंगळी ताणली जाते, बुडाच्या जरा वर भिंत पातळ होत जाते आणि एक दिवस तिथून दुभंगते. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळ्यांना हा दोष विशेष जडतो, कारण त्या रायफलींचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती पोकळी, ऐसपैस असते. टोक वाकवलेली तार आत घालून ओढली तर त्या जागी खोबण जाणवते. जाणवली की पुंगळी मोडीत. लष्करी पुंगळ्यांची भिंत बहुधा जाड असते, म्हणजे आत जागा कमी आणि तेवढ्याच दारूला दाब जास्त. त्यातही आपल्याकडच्या लष्करी काडतुसांत बर्डन पद्धतीची टोपी रूढ आहे. तिच्या खाली मधोमध एक छिद्र नसते, बाजूला दोन असतात, त्यामुळे परदेशी यंत्राच्या सुईने ती निघत नाही. जुहूसारख्या समुद्राकाठच्या वस्तीत यात खाऱ्या, दमट हवेची भर पडते. पितळेवर हिरवट थर चढतो, टोप्यांना ओल लागते. उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेल्या दारूतले नायट्रोसेल्युलोज लवकर विघटित होऊ लागते, डबा उघडताच आंबूस, नाकाला झोंबणारा वास किंवा तांबूस वाफ येते. अशी दारू वापरण्याच्या पलीकडे गेलेली असते.

मोठा आक्षेप असा: अमेरिकेत माणसे पिढ्यान्‌पिढ्या गॅरेजमध्ये हे करतात आणि बहुतेकांना काही होत नाही, मग जुहूतल्या माणसालाच का अडवायचे? तिथे काही होत नाही, कारण तो माणूस एकटा नसतो. त्याच्या मागे छापील, तपासलेली माहिती असते, दुकानात सीलबंद आणि चिठ्ठी लावलेली दारू असते, ठरलेल्या मापाच्या टोप्या असतात, क्लबात चूक दाखवणारे ज्येष्ठ असतात. आपल्या बाजारात यातले काही सहज मिळत नाही, आणि मिळत नाही तिथे जुगाड सुरू होतो. फटाक्यातली दारू, काडेपेटीचा गूल, दुसऱ्याच काडतुसातून काढलेली दारू यांतल्या कशाचाही दाब कुणी मोजलेला नसतो, आणि रायफलमध्ये त्यांचा वापर म्हणजे स्वतःच्या हाताने चेहऱ्याजवळ स्फोट घडवणे होय. यंत्र तेच, टेबल तेच, पण मागची साखळी नसेल तर ते काम तेच राहत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रेही येतात. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे, हे परवानाधारकांनीही ध्यानात ठेवावे. यावर कुणी म्हणेल की हा कायदा १८७८ च्या इंग्रजी कायद्याच्या पोटातून आला, आणि तो कायदा प्रजेवरच्या अविश्वासातून जन्मला होता. या म्हणण्यात तथ्य आहे. निःशस्त्र करण्याचा तो हेतू आपल्या देशाने विसरू नये. पण तो सगळा संशय बाजूला ठेवला तरी, दहा मजली इमारतीत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यांचा प्रश्न उरतोच. दारूचा डबा पेटला, तर त्याची झळ भरणाऱ्याच्या घरापुरती राहणार नाही.

राहिला अचूकतेचा आक्षेप. आपल्या नळीला मानवेल तसा भरणा शोधला तर गोळ्या एकमेकींच्या जवळ पडतात, हे निर्विवाद आहे. लांब पल्ल्याच्या आणि ३०० मीटरच्या स्पर्धांत त्याचे मोल मोठे. पण महाराष्ट्राची नेमबाजी ज्या बळावर उभी राहिली ते पाहा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली आणि स्वप्निल कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य जिंकले, ते .२२ रिमफायरवर. त्या काडतुसात स्वतंत्र टोपीच नसते, मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो आणि पिनेच्या ठोक्याने तो काठ चेपतो, म्हणून ते पुन्हा भरताच येत नाही. अंजली भागवत आणि सुमा शिरूर ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेल्या त्या एअर रायफलवर. तिथे दारूच नाही. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. तिथे नेमबाज निवडतात ती कारखान्याची खेप. स्वतःची रायफल पकडीत बसवून वेगवेगळ्या खेपांची काडतुसे उडवतात, ज्या खेपेचा पुंजका सर्वांत दाट तीच पुरेशा संख्येने घेऊन ठेवतात. नळीला मानवणारे काडतूस शोधायचा हा मार्ग दारूला हात न लावता मिळतो. नवशिक्याच्या चुका तर बहुतेक श्वासाच्या, चापाच्या आणि खांद्याच्या असतात, भरण्याच्या नसतात. ४.५ मिलिमीटरची, २० जूलपर्यंतची एअर रायफल बिनपरवाना मिळते. जुहूच्या मुलाने तिथून सुरुवात करावी आणि वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर शिकावे.

तरीही हे ज्ञान आपल्याकडे मुळीच नको असे मी म्हणत नाही. सेंटरफायर, म्हणजे स्वतंत्र टोपीच्या काडतुसाच्या, रायफलचे गंभीर नेमबाज घडवायचे असतील, तर काडतूस आतून ओळखणारी माणसे लागतीलच. त्यांची जागा क्लबात असावी: परवान्याखाली चालणारी एक खोली, कुलपातली दारू, दोन स्वतंत्र तराजू, वेगमापक, प्रत्येक भरण्याची सहीसकट नोंद आणि दारूगोळा कारखान्यात उमेदवारी केलेला एक निवृत्त तंत्रज्ञ. अशी माणसे महाराष्ट्रात शोधावी लागणार नाहीत. खडकी आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना आहे, स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसोचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या संकुलात रेंज तयार आहे. अशा खोलीत पहिले काही महिने विद्यार्थ्याच्या हाती दारू देऊच नये. त्याला वापरलेल्या पुंगळ्यांचा ढीग द्यावा, तार, भिंग आणि मोजपट्टी द्यावी, आणि ताणलेली, तडकलेली, वेगळ्या कारखान्याची, लांबी वाढलेली अशा प्रत्येक पुंगळीसमोर ती का बाद केली याचे कारण वहीत लिहायला लावावे. ती वही शिक्षकाने तपासून ठीक म्हटल्यावरच तराजूचे झाकण उघडावे.